नखांचा दिवा

माझ्या मुलीच्या मनगटावरच्या पांढऱ्या डागात खसखशीएवढे तपकिरी ठिपके उगवले, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. वर्षभर दवाखान्यात खेटे घातले होते त्यांच्यासाठी. तिथली नर्स आम्ही घरून नेलेल्या बाटलीतलं औषध डागापुरतंच लावायची, थोडं थांबून हात निळसर दिव्याखाली जरासा धरायची, की लगेच धुऊन झाकायची.

"या औषधानं कातडी प्रकाशाला हावरी होते," डॉक्टरांनी बजावलं होतं. "थोड्या प्रकाशानं रंग येतो, जास्त झाला तर भाजतं. आणि भाजलं की डाग पसरू शकतो."

घरी मी सगळ्यांना हे सांगून सांगून वीट आणला. नणंद पार्लर चालवते. माझ्या लेकीला ती 'ठिपकी' म्हणते. "वहिनी, दिव्यांचं मला नको शिकवूस. नखांचं जेल रोज तसल्याच दिव्याखाली सुकवते मी."

नणंदेचं लग्न ठरत आलं होतं. रविवारी मुलाकडचे चहाला येणार होते. शुक्रवारी मी ऑफिसातून आले, तर लेक घरात नाही आणि कपाटातली औषधाची बाटलीही नाही. मी तशीच पार्लरकडे धावले.

लेक उंच खुर्चीत बसली होती. बोटांपर्यंत औषध चोपडलेला हात नखांच्या दिव्यात.

"आई, आत्या मला मोठ्या बायकांसारखं करतेय!"

"वन्सं, किती वेळ झाला?"

"एका बाईचं फेशियल होईस्तोवर. रविवारपर्यंत रंग भरायला हवा ना. बघ, काही झालंय का? उगाच बोंबलत येतेस."

खरंच काही दिसत नव्हतं. शनिवारी हात लालबुंद झाला. रविवारी सकाळी टरारून फोड आले. दवाखान्यातून पट्टी बांधून आणली आणि म्हटलं, आम्ही दोघी आतल्या खोलीत बसतो.

"आत कशाला?" नणंद म्हणाली. "भाजलं म्हणून सांगता तरी येतं. डागाचं काय सांगणार होतीस?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

पाहुण्या बाईंनी लेकीला जवळ ओढलं. "अगंबाई, काय झालं गं हाताला?"

"गरम दूध सांडलं."

एका दमात, न अडखळता. मग तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळा मिचकावला, तशी पोर खुलली.

"आणि आई कुठे होती तेव्हा?"

"काय सांगायचं!" सासूबाई म्हणाल्या. "शिकलेली ना आमची सून. हिचं लक्ष पुस्तकात."

सगळे हसले. नवराही. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

लग्न ठरलं. पट्टी निघाली तेव्हा एकही ठिपका उरला नव्हता, आणि पांढरा डाग मनगट ओलांडून बोटांपर्यंत उतरला होता.

नणंदेनं हात उलटसुलट करून पाहिला. "अय्या, हे तर फोटोत दिसणार. वहिनी, तू आणि ठिपकी लग्नाच्या दिवशी घरीच थांबा ना, प्लीज."

लेक लग्नासाठी घेतलेल्या आपल्या नव्या कपड्यांची घडी मांडीवर घेऊन बसली होती. मग उठली, माझा पदर ओढत मला शेगडीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आई, परत दूध सांडूया?"