गोळ्या घेईन, सही करणार नाही

बिबवेवाडीतल्या एका शेडमध्ये अपेक्षा पाच वर्षं बॅटरीच्या प्लेटा रचत होती. शिशाची करडी पूड हातांवर, केसांत, डब्यातल्या पोळीवरसुद्धा बसायची. या पाच वर्षांत तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. आपल्यातच काही खोट असेल, असं तिला वाटू लागलं होतं.

नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी विचारलं, "काम काय करता?" मग रक्तातलं शिसं तपासायला लावलं. आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"लोह-कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं, म्हणून या गोळ्या. पण रोज शिसं गिळायचं आणि वर गोळी घ्यायची, याला अर्थ नाही. आधी ती पूड थांबली पाहिजे. तोवर मुलाचा विचार नको."

अपेक्षाने मालक हिंमतरावांकडे धूळ ओढणारा पंखा, हात धुवायला मोरी आणि जेवायला वेगळी जागा मागितली. आठ दिवसांनी त्यांनी सगळ्या बायकांसमोर कसल्याशा पावडरचे डबे मांडले. "बाईच्या अंगातलं सगळं विष बाहेर काढते. फुकट आहे. फक्त इथे सही करा."

कागदावर लिहिलं होतं : आरोग्याची पूर्ण काळजी घेतली जाते, आमची तक्रार नाही.

शेजारच्या शर्मिलाने पेन उचललं. अपेक्षाने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"साहेब, एवढी गुणकारी असेल तर आपणही घ्या, आणि महिनाभर माझ्या जागेवर बसून जेवा. मग करते सही."

बायका फिसकन हसल्या. हिंमतराव लालबुंद झाले. "उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येत. पण गप्पही बसत नाही."

तिने शर्मिलाला तपासणीला नेलं. मग बाकीच्याही आल्या. अकरा जणींपैकी नऊ जणींच्या रक्तात शिसं जास्त निघालं. रिपोर्ट घेऊन साऱ्या जणी कारखाने तपासणाऱ्या कचेरीत गेल्या.

"साहेब जेवायला गेलेत," शिपाई म्हणाला.

"जेवू द्या सावकाश. आम्ही बसतो."

चार वेळा त्या तशाच बसल्या. पाचव्या वेळी निरीक्षक त्यांच्याबरोबर शेडवर आले. महिन्याभरात पंखा लागला, मोरी झाली.

अपेक्षाला हिंमतरावांनी परत घेतलं नाही. ती नारायण पेठेत शिवणकामाला लागली. गोळ्या चुकवत नाही. वर्षभरात शिसं निम्म्यावर आलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी थोडं थांबा. मूल होईल की नाही, तिला ठाऊक नाही.

गेल्या रविवारी दुसऱ्या एका शेडमधल्या तिघी पत्ता विचारत दारात आल्या. अपेक्षाने चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाली, "चला, आधी रक्त तपासू."