मनगटावरचा निरोप

खोली दहा बाय बाराची आणि आत माणसं अठरा. कापायचं टेबल भिंतीला सारलेलं, शिलाई मशीनवर चादर टाकलेली. मधल्या खुर्चीत आई उजवा हात पुढे करून बसली होती. त्या मनगटावर वडिलांचं स्मार्टवॉच होतं. शेजारच्या स्टुलावर निरोपकाका बसले होते. त्यांनी मनगटाच्या चार बोटं वर आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले.

"आलात का?" काकांनी वर पाहून विचारलं.

मग तीन महिन्यांपूर्वी वारलेल्या माणसाचा आवाज घड्याळातून आला, "शिडी उद्या परत करायची. विसरायचं नाही."

कोणाला हुंदका फुटला, कोणी हात जोडले. काकांनी लगेच अर्थ सांगितला. शिडी म्हणजे वरचा प्रवास, आणि परत करायची म्हणजे अजून वरच्या पायरीवर पाय टेकलेला नाही. काकांकडे अर्थांना तोटा नव्हता. मागच्या आठवड्यात घड्याळ "पांढरा, अडीच लिटर" म्हणालं तेव्हा त्यांनी पांढऱ्या रंगातून शांती काढून दाखवली होती. अडीच लिटरचं काय, हे कोणी विचारलं नाही. वडील रंगारी होते, हेही त्या घटकेला कोणाच्या ध्यानात नव्हतं.

लेक दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. ती घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसायची. बोटं एकमेकांना टेकवली तरी घड्याळ ऐकत नाही, अशी तक्रार घेऊन दिवसाला चार गिऱ्हाइकं यायची. पट्टा सैल आहे का, सेटिंग चालू आहे का, बॅटरी वाचवायचा मोड लागलाय का, हे ती झोपेतही विचारू शकली असती. वडिलांचे हात कायम रंगाने भरलेले असायचे, म्हणून पडद्याला हात न लावता चालेल असं सेटिंग तिनेच त्यांच्या घड्याळात करून दिलं होतं. कामाच्या नोंदी ते बोलून ठेवत. तर्जनी अंगठ्याला दोनदा टेकवली, की घड्याळ पुढची नोंद ऐकवायचं.

म्हणजे आवाज कुठून येतो हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने आईला सांगितलंही होतं. आई एवढंच म्हणाली, "मी बोट हलवलेलं नाही. हलवलं असतं तर मला कळलं नसतं का?" आई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. शिवाय लेकीलाही तो आवाज हवा होता. वडील गेल्यापासून ती जेवत होती, झोपत होती, कामावर जात होती, आणि आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. त्यामुळे तिने विषय वाढवला नाही. चूक तिचीही होतीच.

सुरुवात साधी झाली होती. शिवताना आईच्या डाव्या मनगटाला टाचण्या खोचायची गादी बांधलेली असते, म्हणून नवऱ्याचं घड्याळ तिने उजव्या हातात घातलं. बटण लावता लावता एका दुपारी ते बोललं. ब्लाउज न्यायला आलेल्या शेजारणीने ऐकलं आणि गल्लीभर केलं. आठवड्याच्या आत निरोपकाका हजर. पूर्वी ते मोबाइलची कव्हरं विकायचे. आता गेलेल्यांचे निरोप आणायला लागले होते.

इथवर निभावलंही असतं. पण आईच्या उजव्या हाताची बोटं वर्षभर बधिर होत चालली होती. मनगटात शीर दबली आहे, अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजायला लागलंय, आता ऑपरेशन टाळलं तर हा हात पुन्हा सुई धरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तारीख उद्याची होती. आणि काल काकांनी जाहीर केलं की या मनगटाला सुरी लागली तर निरोपाची वाट कायमची बंद.

"फोन करून रद्द कर," आईने काल रात्री जेवणाच्या ताटावर सांगितलं. "हात गेला तरी चालेल."

आज सकाळी दुकानात एक पट्टा पुसताना लेकीचे हात थांबले. मला कळलं नसतं का, असं आई विचारत होती. खरंच कळलं नसतं. त्या बोटांना काही कळतच नव्हतं.

म्हणून आज बैठकीआधी आईचा हात हातात घेऊन तिने अंगठ्याच्या टोकाला कापडावर खुणा करायचा निळा खडू घासला होता. आईला पत्ताही लागला नाही.

शिडीचा अर्थ सांगून होताच लेक पुढे झाली. "आई, डोळे उघड. तुझी तर्जनी बघ."

तर्जनीचं टोक निळं झालं होतं. आई त्याच्याकडे बघत राहिली. "हे कधी लागलं?"

"आत्ता. आवाज आला तेव्हा."

काका म्हणाले, गेलेल्यांच्या ऊर्जेला कधीकधी रंग असतो. लेकीने वाद घातला नाही. हात सोडून एकदा विचारा, एवढंच म्हणाली. अठरा जणांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. काकांनी हात सोडला आणि विचारलं. मग जरा मोठ्याने विचारलं. तिसऱ्यांदा तर असे ओरडले, जणू मेलेला माणूस बहिराही होता. घड्याळ गप्प. खोलीत शंकेखोर माणसं आहेत, असं काकांचं म्हणणं पडलं.

लेक स्टुलावर बसली. सगळ्यांना डोळे उघडे ठेवायला सांगून तिने काकांच्याच जागी अंगठा ठेवला आणि दोनदा दाबला. आईची बोटं आपोआप आत वळली, तर्जनी अंगठ्याला टेकली, सुटली, पुन्हा टेकली. घड्याळ बोललं, "येताना तिच्यासाठी तपकिरी दोरा. दोन रिळं."

बोटं वाकवणारे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांत जातात, असं तिने काउंटरवरच्याच कोरड्या आवाजात समजावलं. वरून दाबलं की बोट वळतं. घड्याळाला मनगटातली ती हालचाल कळते, पण शीर दबलेल्या माणसाला बोटं टेकल्याचं कळत नाही. थोड्याच वेळात खोलीतला जो तो स्वतःचा हात दाबून बघत होता. काकांनी पिशवी उचलली. श्रद्धेबद्दल काहीतरी पुटपुटत ते निघाले, आणि त्यांना कोणी थांबवलं नाही.

"आवाज तुझ्या वडिलांचाच ना?" आईने विचारलं.

"त्यांचाच. त्यांनी बोलून ठेवलेला."

"मग मधे हा माणूस कशाला होता?"

हा प्रश्न आपल्याला सगळ्यात शेवटी सुचतो, हीच तर रड आहे. तो आधी विचारावा. डोळे मीट म्हणणाऱ्यासमोर ते उघडे ठेवावेत, हात धरणाऱ्याला हात सोडायला सांगावा. याला कुठली पदवी लागत नाही. दुःखात असलेल्या माणसाला हे एकट्याने सुधरत नाही, म्हणून निदान शेजारी बसलेल्या अठरा जणांनी तरी विचारावं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सने अंगावरच्या वस्तू काढायला सांगितल्या. आईने डाव्या हाताने पट्टा सोडवला आणि घड्याळ लेकीच्या हातात दिलं. "बॅटरी संपत आलीय, चार्जिंगला लाव," म्हणाली आणि आत गेली.

लेक बाहेरच्या बाकावर बसली. रडू तिला अजूनही येत नव्हतं. तिने घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं, तर्जनी अंगठ्याला दोनदा टेकवली, आणि वडिलांची पुढची नोंद शेवटपर्यंत ऐकली.