फेस नसलेला कॅन

"माझ्या दह्याच्या बरणीशेजारी कुणी ठेवला हा? जेवायची वासनाच उडाली," लॅबमधली पेन्का फ्रीजमध्ये डोकं खुपसून पुटपुटली.

कॅन तीन नंबरच्या खोलीतल्या कालीनाचा. चोवीस तासांची लघवी. वय सव्वीस, किडन्यांना सूज. लघवीतली प्रथिनं, रक्तदाब आणि बायोप्सीचा निकाल कॉम्प्युटरमध्ये घातला की पाच वर्षांत किडन्या बंद पडायची शक्यता आकड्यात कळते. आकडा मोठा आला तर कडक औषध आजच सुरू, छोटा आला तर घरी.

मी कॅन हलवून पाहिला. पंचवीस वर्षं या वॉर्डात लघव्या पाहतेय, नवऱ्याचं तोंडही इतकं निरखलेलं नाही. प्रथिनं जायची म्हणून कालीनाच्या लघवीला बिअरसारखा फेस यायचा. या कॅनमधल्या लघवीला नावालाही नव्हता.

तिची आई स्तोयांका दाराशीच उभी, हातात डॉक्टरांसाठी चीजची गरम बानित्सा.

"आकडा चांगलाच येईल ना हो, सिस्टर?"

"कॅनमध्ये जे असेल त्याचाच येईल, स्तोयांकाबाई. भरला कुणी?"

तिनं मान फिरवली.

दुपारी डॉक्टर वेलिन्स्कींनी आपल्या खोलीत, कालीना आणि तिच्या आईसमोर, आकडे घातले. "शंभरात सहा? बायोप्सी इतकी वाईट असून?"

"म्हटलं नव्हतं मी! गावची हवा लागली की पोरगी ठणठणीत," स्तोयांका म्हणाली.

डॉक्टरांनी घरी सोडायचा कागद पुढे ओढला. मी तोंड उघडलं, तर स्तोयांकानं माझा कोपर आवळला. नखं रुतली. तरी बोललेच.

"साहेब, थांबा. हा कॅन हिचा नाही."

"काहीतरीच!" स्तोयांका ओरडली. मग हळूच म्हणाली, "माझ्या किडन्या चांगल्या आहेत हो. म्हटलं, आकडा तरी चांगला येऊ दे."

कालीना आईकडे बघत राहिली. रागावलीसुद्धा नाही.

मी तिच्या लघवीचा परवाचा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी आकडे पुन्हा घातले, पडद्याकडे पाहिलं आणि सवयीनं स्तोयांकाकडे वळले. "जरा बाहेर येता?" आमच्याकडे वाईट बातमी घरच्यांना सांगतात, आजाऱ्याला नाही.

"मी इथं बसलेय, साहेब," कालीना म्हणाली. "किडन्या माझ्या आहेत."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"दहात चार, कालीना. पाच वर्षांत तुझ्या किडन्या बंद पडायची शक्यता दहात चार आहे."