बाइंडरकाकांच्या बोटातलं हाड

मी एक जुनं हाड आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! एका बाइंडरकाकांच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला, नखाच्या अगदी खाली माझं घर होतं.

पस्तीस वर्षं मी राबलो. कागदाची घडी दाबायची, सुईला रेटा द्यायचा, पुस्तकाच्या पाठीला कापड चिकटवायचं, सगळं माझ्या जिवावर. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, हात काय सफाईदार आहे हो तुमचा!" काका मिशीतल्या मिशीत हसायचे. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

एकदा पुठ्ठ्याला भोक पाडायची अरी बोटात घुसली, थेट माझ्यापर्यंत. काकांनी काय करावं? फाटलेलं पान सांधावं तशी जखमेवर खळ फासली आणि वर कागदाची पट्टी चिकटवली!

"अहो, आधी साबणाने धुवा तरी," काकू म्हणाल्या.

"अख्खी पुस्तकं जुळवतो मी. हे एवढंसं भोक ते काय!"

त्या भोकातून कातडीवरचे जंतू आत आले. ते कुणी परके नव्हेत, जन्मापासूनचे शेजारी, कधी आमच्या वाकड्यात न शिरलेले. त्यांनीच मला पोखरायला घेतलं. बोट सुजून टम्म झालं, ठणकू लागलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून बजावलं, "जंतू हाडात गेलेत. सहा आठवडे गोळ्या. एकही चुकवायची नाही, नाहीतर हाड काढावं लागेल."

मला वाटलं, वाचलो! पण दहाव्या दिवशी सूज उतरली आणि काकांनी गोळ्या बंद केल्या. गरज सरो, वैद्य मरो! काकूंनी विचारलं, तर "घेतोय ना" म्हणून चक्क थाप मारली आणि पाकीट खळीच्या डब्यामागे दडवलं. मित्रांनो, जंतूंचं मला एवढं लागलं नाही. पण ज्याच्यासाठी झिजलो, त्यानेच माझा केसाने गळा कापला.

जंतू मेले नव्हते, दबा धरून बसले होते. दोन महिन्यांत मी पार भुसभुशीत झालो. आज सकाळी मला काढलं. आता मी दवाखान्यातल्या ट्रेमध्ये पडलो आहे. मघाशी नर्सने काकांना विचारलं, "बघायचंय का?"

काकांनी तोंड फिरवलं. "नको हो. टाकून द्या."

म्हणून सांगतो, जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा, ठणकलं तर लपवू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी शेवटपर्यंत घ्या. माझं व्हायचं ते झालं. पण काकांची अजून नऊ बोटं धड आहेत, आणि ती बिचारी अजून काकांवर भरवसा ठेवून आहेत.