राहीबाईंचा चीक

अनुपमा मॅडमच्या पर्समध्ये अंकिताचा अर्ज होता. सायन्स सोडून आर्ट्सला जायचंय, खाली फक्त मॅडमची सही हवी. अकरावीत बायोलॉजीत काठावर पास झालेली ही मुलगी प्रॅक्टिकलला मात्र सगळ्यांच्या पुढे असायची, म्हणून सही करायला मॅडमचा हात धजेना. शेवटी मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात पोलादपूरहून महाड, तिथून तुडील, अशा दोन एसट्या करून त्या तिच्या दारात येऊन थडकल्या.

"ते ग्रीक शब्द डोक्यात शिरतच नाहीत, मॅडम," अंकिता मान खाली घालून म्हणाली. "आपल्यासारख्यांचे नाहीतच ते."

मॅडमनी सवयीने सुरू केलं. स्टार्च तोडून त्याची साखर करणारं विकर म्हणजे अमायलेज. स्टार्चला ग्रीक लोक अमायलॉन म्हणत, म्हणजे न दळलेलं. बावीस वर्षं हे वाक्य त्या वर्गात सांगत आल्या होत्या. 'न दळलेलं' म्हणजे नक्की काय, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चुलीपाशी कुरडयांचा चीक घाटत बसलेली अंकिताची आई, राहीबाई, मध्येच म्हणाली, "बरोबरच हाय की. गिरणीत दळला तर पीठ व्हतंय, चीक नाय. गहू तीन दिस भिजवायचा, वाटायचा, पिळायचा. तळाला बसतो तो चीक."

चीक म्हणजे स्टार्चच की, मॅडमच्या लक्षात आलं. हजारो वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या कुणीतरी असाच गहू भिजत घातला असणार!

"राहीबाई, मीठ घालायच्या आधी एक वाटी द्या." त्यांनी ती वाटी जरा निवू दिली आणि अंकितापुढे सरकवली. "गिळू नकोस. चावत राहा."

अंकिता चावत राहिली. मग एकदम थांबली.

"आई, साखर घातलीस?"

"कुरडयांच्या चिकात साखर कोण घालतंय गो?"

"मग गोड कसा..." घास तोंडातच होता. "अमायलेज! माझ्या थुंकीतलं!"

मॅडमनी पर्समधून अर्ज काढला. "मग, करू सही?" पेन शोधायच्या आतच अंकिताने तो ओढून घेतला, त्याची चौघडी केली आणि चुलीवरून उतरवलेल्या पातेल्याखाली सारली.

मॅडम उठल्या आणि वाकून राहीबाईंच्या पाया पडल्या.

"अवो बाई, हे काय? शिकवणाऱ्या तुमी!"

"आज तुम्ही शिकवलंत," मॅडम म्हणाल्या. "बावीस वर्षं अडलं होतं माझं."