कंबरेपासून गुडघ्यापर्यंत

गोंदण पूर्ण होऊन चार दिवस झाले होते आणि मला कंबरेपासून गुडघ्यापर्यंत खाज सुटली होती. खाजवलं तर नक्षी जन्मभरासाठी बिघडणार. ओल्या गोंदणाच्या माणसाला भुतं नेतात, म्हणून आम्ही सामोअन लोक त्याला एकटं सोडत नाही. संडासाबाहेरही मालियाआत्या भजनं म्हणत उभी असायची.

ती जेवायला बसताच मी समुद्राकडे सटकलो. खडकामागे लेउतू होता. आम्हाला जोडीनंच गोंदलं होतं.

"भुतं शोधतोयस?" त्यानं विचारलं.

"तू खाजव आधी. थोरला आहेस."

"म्हणजे तू गावभर सांगायला मोकळा."

शेवटी एकमेकांचे हात घट्ट धरून आम्ही खाऱ्या पाण्यात बसलो. आत्या शोधत येईपर्यंत कुणीच सोडले नाहीत.