आग्याचं इंग्रजी

आंबेनळीच्या पायथ्याला धामणवाडी नावाची अठरा घरांची वस्ती. त्यातली अकरा घरं कुलूप लावून मुंबईला गेलेली. उरलेल्यांत चंद्रभागा आणि तिचा नवरा भिकू. अशा वाडीचं 'कोकणातलं वेल्स' करायचं दिराच्या मुलाच्या, अक्षयच्या डोक्यात आलं आणि चंद्रभागेचं डोकं फिरलं.

"कसली वेल? कारल्याची का दुधीची?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

मुंबईत वाढलेल्या अक्षयने मोबाइलवर विलायतेतल्या त्या वेल्सचं एक खेडं दाखवलं. हिरवे डोंगर, धुकं, दगडी घरं, मेंढ्या. "सेम टू सेम आपलं गाव, काकी!" एवढ्यावर न थांबता त्याने घाटावरून चार मेंढ्या आणल्या. आमच्या पावसात मेंढी टिकत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. श्रावणापर्यंत खूर सडून दोन मेल्या, दोन चंद्रभागेच्या गोठ्यात खोकत बसल्या. आता पर्यटक पाहुणे यायच्या आधी हे साहेब त्यांना शाम्पू लावणार होते!

मग नावांचं खूळ निघालं. म्हसोबाची खिंड 'मिस्टी गॅप' झाली, चोरपाणी 'सीक्रेट फॉल्स' झालं. अक्षयने दाखवलेल्या व्हिडिओतला वेल्सचा एक म्हातारा मात्र आपल्या गावाचं नाव छाती काढून सांगत होता, आणि ते नाव मालगाडीसारखं संपता संपत नव्हतं.

"त्यांनी येवढं लांबडं नाव टाकलानी नाय, आन तुला आपली जड झाली?" चंद्रभागा म्हणाली.

अक्षय हसला. चार बुकं शिकलेली माणसं अडाणी बाईकडे बघून हसतात, तसा.

बाकीची नावं गेली चुलीत, पण एक तिला हवंच होतं. वरच्या कड्याखाली आग्याचा माळ आहे. तीन वर्षांमागे तिथे आग्या माश्यांचं मोहोळ उठलं आणि भिकू मरता मरता वाचला. पुन्हा असं झालं तर माणूस हाती लागणार नाही, असं महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. वाडीतलं कुणीही त्या माळावर पाऊल टाकण्याआधी मान वर करून कडा बघतं. ते नावच बघायला लावतं.

"त्या माळाचं नाव तेवढं ऱ्हाऊ दे रे बाबा," तिने हात जोडले. आयुष्यात तिने फार कुणापुढे जोडले नव्हते.

"ओके काकी, तुझंच नाव ठेवतो. फक्त इंग्लिशमध्ये."

पाटी लागली. चंद्रभागेला वाचता येत नव्हतं. तिने खूश होऊन त्याला घावणे करून घातले.

कार्तिकात आठ पाहुणे आले. अक्षय त्यांना घेऊन माळावर गेला. मागून भिकू डोक्यावर जेवणाचं टोपलं, खांद्यावर घोंगडी घेऊन निघाला. चंद्रभागा अंगणात नाचणी झोडत होती. सहज वर बघितलं तर कड्याखालून धूर.

"सेजल, धूर कसला गो?" तिने अक्षयच्या बायकोला विचारलं.

"कॅम्पफायर, काकी. पाटीवर तेच तर लिहिलंय, 'कॅम्पफायर पॉइंट'. आग म्हणजे फायर ना!"

"आग्याची आग केलान मेल्यानं!"

ती धावत सुटली. पायात काटे मोडत होते, छातीत श्वास मावत नव्हता, डोळ्यांपुढे फक्त भिकूचा तेव्हाचा सुजलेला चेहरा. अर्ध्या वाटेवर त्याची पाठ दिसली आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ती ओरडली, "अवो, आग्या! आग्या उठला!"

भिकूने मागे वळून काही विचारलं नाही. टोपलं फेकलं, घोंगडी ओढून कारवीच्या झुडपांत पालथा पडला. घूं घूं करत सगळं मोहोळ वरून गेलं. त्याला एकही माशी डसली नाही. माळावरची मंडळी मात्र ओरडत, हात झाडत सैरावैरा पळत होती.

जीव सगळ्यांचे वाचले. पोलादपूरच्या दवाखान्यात अक्षयचे डोळे मिटलेले होते, ओठ वड्याएवढे झालेले.

"कुठे झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कॅम्प..." अक्षय अडखळला. मग हळूच म्हणाला, "आग्याच्या माळावर."

डॉक्टर तालुक्यातलेच. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "नाव माहीत असून तिथे विस्तव पेटवलात?"

उत्तर भिकूचा हात घट्ट धरून बसलेल्या चंद्रभागेने दिलं.

"नाव ठाव नव्हतं त्याला, डाक्टर. इंग्रजी ठाव होतं."